टायमिंगच्या खुणा जुळेनात तेव्हा

जुन्या डिझेल जीपचं इंजिन बांधताना क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि आयडलर (या दोघांमधला गिअर) यांच्या गिअरवरच्या खुणा नीट जुळवल्या, म्हणजे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडतात. खात्रीसाठी क्रँक हाताने दोन फेरे फिरवला, तर आयडलरच्या खुणा गायब! घाबरून सगळं पुन्हा खोललं. दोनदा. (बायको म्हणाली, आता जेवून घ्या.)

मग दात मोजले: क्रँक 28, आयडलर 35, कॅम 56. आयडलर क्रँकच्या 5 फेऱ्यांनी पुन्हा जागेवर येतो, कॅम 2 फेऱ्यांनी. म्हणजे तिन्ही खुणा पुन्हा एकत्र यायला क्रँकचे 10 फेरे लागणार. चूक कुठेच नव्हती!

आता फिरवल्यावर खुणा बघतच नाही. पहिला पिस्टन कॉम्प्रेशनच्या (हवा दाबण्याच्या) टॉपला आणला, की चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट (धूर सोडणारा) व्हॉल्व्ह मिटत आणि इनलेट (हवा घेणारा) उघडत असायला हवा. तसंच होतं. मगच कव्हर बसवलं.