माझ्याकडं तर चालतंय की! शेल स्क्रिप्टमधल्या या चुका टाळा

सांगलीच्या हळदीच्या सौद्यांच्या पट्ट्या एकत्र करून बेरीज काढणारं एक छोटं ओपन सोर्स टूल मी सांभाळतो. ते शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे एकामागोमाग चालणाऱ्या कमांडच्या फाइलीत लिहिलंय. मदतीला येणारी पोरं हुशार आहेत, पण वाक्य ठरलेलं: "दादा, माझ्याकडं तर चालतंय की!"

मला सगळ्यात जास्त छळलं ते सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडच्या ‘-आय’नं. फाइल जागच्या जागी बदलणारा पर्याय. व्यापाऱ्यांच्या नावांची स्पेलिंगं सुधारायला मी ‘-आय’, मग जागा सोडून ‘-ई’ (काय बदलायचं ते पुढं येतंय, असं सांगणारा पर्याय) असं लिहिलं होतं. उबुंटूवर सुरळीत. विश्रामबागच्या एका पोरानं ते मॅकवर चालवलं. एरर नाही, काही नाही, बेरीज मात्र बरोब्बर दुप्पट! दोन रात्री आम्ही बेरजेचा कोड उकरत बसलो. शेवटी सहज फोल्डर उघडला, तर प्रत्येक पट्टीशेजारी तिची जुळी बहीण, नावाच्या शेवटी ‘-ई’. मॅकचा सेड बीएसडीच्या, म्हणजे युनिक्सच्या एका शाखेच्या घराण्यातला. त्याला ‘-आय’पुढं बॅकअप फाइलीच्या नावाला जोडायचं शेपूट लागतंच, म्हणून त्यानं ‘-ई’लाच शेपूट मानलं. वर माझा लूप फोल्डरात दिसेल ते गिळणारा. म्हणजे चूक माझीच.

यावर ‘-आय’पुढं रिकामी अवतरणं द्या, असं सांगणारे भेटतात. ते मॅकवर चालतं, लिनक्सवर बोंबलतं. ‘-आय’ला चिकटून ‘.बॅक’ लिहिलं तर दोन्हीकडं निभावतं. मी मात्र नव्या फाइलीत लिहितो, डोळ्यांनी बघतो, मगच ‘एमव्ही’ कमांडनं ती जुनीच्या जागी बसवतो. (मूळ फाइलीच्या परमिशन्स त्यात हरवतात, तेवढं सांभाळा.)

दुसरं दुखणं म्हणजे पहिल्या ओळीत, जिथं स्क्रिप्ट कुठल्या शेलनं चालवायची ते लिहितात, तिथं ‘एसएच’ आणि आत सगळा बॅश या दुसऱ्या शेलचा संसार. उबुंटूनं 2006 मध्ये, 6.10 पासून, ‘एसएच’च्या जागी डॅश हा छोटा शेल बसवलाय. ॲरे (यादी साठवायची सोय) आणि अट तपासणारे दुहेरी चौकटी कंस त्याला कळत नाहीत. बॅशच हवा असेल तर तसं लिहा, तेही बॅश शोधून देणाऱ्या ‘एन्व्ह’ कमांडमार्फत, कारण फ्रीबीएसडीवर तो दुसऱ्याच फोल्डरात राहतो. आणि मॅकसोबत येणारा बॅश अजून 3.2 आहे. असोसिएटिव्ह ॲरे, म्हणजे क्रमांकाऐवजी नावानं शोधता येणारे, 4.0 मध्ये आले.

सगळीकडं सारखं चालावं म्हणून छापायला ‘इको -एन’ सोडा, ‘प्रिंटएफ’ धरा. मजकूर शोधायला ‘ग्रेप -पी’ विसरा. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलीतले कॅरेज रिटर्न (ओळीच्या शेवटची न दिसणारी खूण) आधी काढा.

स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं शेलचेक चालवा म्हटलं की नवखे इशारा वाचायच्या आधी तो बंद करायची कॉमेंट टाकतात. पी हळद आणि हो गोरी!

नवं व्हर्जन काढायच्या आधी मी स्क्रिप्ट डॅशवर चालवतो, मग त्याच विश्रामबागच्या पोराला पाठवतो. तो आता आधी फोल्डर बघतो, मग बेरीज.