प्लास्टिकच्या कपांचा लोंबता दिवा

एकदाच वापरायच्या प्लास्टिक कपांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असल्यामुळे या दिव्यासाठी नवे कप शोधू नयेत. घरात पूर्वीचेच पडून असलेले, एका मापाचे, शक्यतो दुधी रंगाचे कप वापरावेत. कपाचे तोंड रुंद आणि बूड अरुंद असते, म्हणून बुडे आत व तोंडे बाहेर ठेवून कप एकमेकांना जोडत गेल्यास गोळा आपोआप आकार घेतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा गॅलरीत टांगलेल्या दिव्याचा ग्लू गनने लावलेला गोंद मऊ पडून जोड सुटण्याची भीती असते. त्यापेक्षा काठाजवळ स्टेपलरच्या दोन पिना माराव्यात. ठिसूळ कप मात्र पिनेने तडकतो. तिथे तापवलेल्या सुईने छिद्रे पाडून बारीक तार ओवावी.

गोळा पूर्ण बंद करण्याआधी प्रत्येक बुडाला छिद्र पाडून एलईडी माळेचा एकेक दिवा आतून खोचावा. अशी माळ सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळते. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब कधीही लावू नये, कारण त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते आणि प्लास्टिक वितळू शकते. दिव्याचा भार वायरवर न टाकता वेगळी नायलॉनची दोरी बांधावी.