हलक्या गाडीला व्हील स्पेसर लावताय? आधी नटाचे फेरे मोजा

स्पेसर म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) आणि चाक यांच्यामध्ये घालायची धातूची चकती. स्पेसर किती मिमीचा घ्यायचा हे नंतर बघू, आधी तो खरंच लागतोय का ते ठरवा. नवीन चाक आतून ब्रेक कॅलिपरला किंवा स्ट्रटला (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याला) घासत असेल तर 3 नाहीतर 5 मिमीचा स्पेसर हा सरळ उपाय आहे. नुसतं चाक बाहेर दिसावं म्हणून छोट्या गाडीला 25-30 मिमी लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिचे बेअरिंग छोटे असतात, चाक जितकं बाहेर जाईल तितका त्यांच्यावर ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टेअरिंग हातातून ओढलं जातं. हिशोब सोपा आहे, ईटी म्हणजे चाकाचा ऑफसेट, हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा; तो जितका कमी तितकं चाक बाहेर. ईटी 45 च्या चाकामागे 5 मिमी घातला की ते ईटी 40 सारखं बसतं.

घेताना स्पेसरचं मधलं भोक तुमच्या हबवर अगदी फिट बसतंय का बघा. सैल बसला तर चाक सेंटरला येत नाही आणि स्पीडला गाडी थरथरते. कमी पडला म्हणून दोन स्पेसर एकावर एक तर कधीच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्पेसर जितका जाड, तितके स्टडचे (हबमधून बाहेर आलेल्या, नट बसतो त्या दांड्याचे) आटे नटाला कमी मिळतात. स्पेसर आणि चाक बसवा, नट हातानेच फिरवा आणि टेकेपर्यंत किती पूर्ण फेरे होतात ते मोजा. स्टड 12 मिमीचा आणि पिच 1.5 असेल तर एका फेऱ्यात नट दीड मिमी पुढे जातो, आणि पकड किमान स्टडच्या जाडीइतकी हवी, म्हणजे 8 फेरे. 5 मिमीच्या स्पेसरने आधी मिळणाऱ्या फेऱ्यांतले तीनपेक्षा जास्त जातात. सहाच भरले तर "चालतंय की" म्हणू नका, लांब स्टड टाकून घ्या. बोल्टवाली गाडी असेल (स्टड-नटाऐवजी चाक बोल्टने लागतं) तर मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीएवढेच जास्त लांब बोल्ट घ्या, डोक्याखालचा आकार चाकाला जुळणारा हवा, कोनाचा की गोल ते तपासा, आणि घट्ट केल्यावर चाक हाताने फिरवून बोल्ट मागे कुठे लागत नाही ना बघा.

बसवताना गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा, हबवरचा गंज वायर ब्रशने पार साफ करा. चाक धरून ठेवते ती घट्ट दाबलेल्या सपाट पृष्ठभागांची पकड, मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तर तो चालवताना चुरतो आणि नट ढिला पडतो. आट्यांना ऑइल, ग्रीस काही लावायचं नाही, कोरडे ठेवा. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, मग गाडी खाली उतरवून टॉर्क रेंचने मॅन्युअलमधला आकडा द्या. स्पेसर स्वतःच्या वेगळ्या नटांनी हबला लागणारा असेल तर आतले नट आधी टॉर्क करा, आणि जुन्या स्टडची टोकं स्पेसरच्या बाहेर येऊन चाकाला टेकत नाहीत ना ते बघा, टेकली तर चाक सपाट बसणारच नाही.

मग माणसं बसवून, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर फेंडरला लागतो का बघा. 50 ते 100 किमी झाले की गार चाकावर टॉर्क परत तपासा. मधेच नवीन थरथर किंवा टकटक आवाज आला तर घरी पोचायची वाट बघू नका, बाजूला घ्या आणि नट तपासा.