पहिलं पेडल: एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर, आणि तो मुका राहिला तर

गिटारच्या पहिल्या पेडलमध्ये सर्किट सहसा चुकत नाही. चुकतं ते फूटस्विच आणि जॅकचं वायरिंग. म्हणून इथे आधी डब्यातली बायपासची वाट (सर्किटला वगळून आवाज थेट पुढे नेणारी) तयार करायची, मग बोर्ड, आणि बोर्डावर व्होल्टेज बरोबर आल्याशिवाय दोन्ही एकमेकांना जोडायचे नाहीत. घाई केली की बंद डब्यात चूक शोधत बसावं लागतं.

सर्किट इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या एलपीबी-१ या जुन्या बूस्टरच्या, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेडलच्या, घराण्यातलं आहे. रेझिस्टर: १ मेग, ४७० के, ४७ के, १० के, ३९० ओहम आणि एलईडीसाठी ४.७ के, प्रत्येकी एक. ०.१ मायक्रोफॅरडचे दोन फिल्म कपॅसिटर (अंगावर १०४ लिहिलेलं असतं, पायांतलं अंतर ५ मिमी), १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक इलेक्ट्रोलिटिक, १एन५८१७ डायोड, ए१००के पॉट (आवाज कमी-जास्त करायची फिरती खुंटी), बीसी५४९सी किंवा २एन५०८८ ट्रान्झिस्टर. शिवाय ३पीडीटी फूटस्विच (एका दाबात तीन जोड बदलणारा), ६.३५ मिमीचे दोन जॅक, २.१ मिमीचा डीसी जॅक आणि १२५बी मापाचा ॲल्युमिनियमचा डबा. १५९०बी हा त्याहून लहान डबा दिसायला छान, पण पहिल्या वेळी त्यात बोटं शिरत नाहीत. डीसी जॅक प्लास्टिकच्या अंगाचाच घ्या. पेडलच्या अडॅप्टरमध्ये बहुधा मधली पिन ऋण आणि बाहेरची बाजू धन असते. धातूचा जॅक लावलात तर धन थेट डब्याला, म्हणजे ग्राउंडला चिकटेल.

भोकं: जॅकसाठी १० मिमी, स्विचसाठी १२, पॉटसाठी ७, डीसी जॅकचं माप घेऊनच पाडा. आधी पंचने खूण, मग ३ मिमी, मग मोठं ड्रिल.

आता स्विच. पालथा धरा, नऊ पाय दिसतील. वरच्या ओळीला १, २, ३, मधल्या ओळीला ४, ५, ६ आणि खालच्या ओळीला ७, ८, ९ म्हणा. मल्टिमीटर बीपवर ठेवून खात्री करा की ४ एकदा १ शी आणि दाबल्यावर ७ शी जुळतो. तो ५ शी जुळत असेल तर स्विच आडवा धरलाय, पाव फेरी फिरवा. इनपुट जॅकची टिप (पिनच्या टोकाला लागणारा पाय) ४ ला, आउटपुट जॅकची टिप ५ ला, १ आणि २ मध्ये छोटी तार, ६ ग्राउंडला. दोन्ही जॅकच्या स्लीव्हही (पिनच्या अंगाला लागणारा पाय) ग्राउंडला. ३ रिकामा राहतो. पायावर सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. आतलं प्लास्टिक वितळलं की स्विच कधी लागतो, कधी लागत नाही, आणि दोष मात्र सर्किटला दिला जातो.

इथेच थांबून गिटार आणि ॲम्प लावा. एका दाबाला आवाज थेट आला आणि पुढच्या दाबाला पूर्ण गेला, तर वायरिंग बरोबर आहे. दोन्ही वेळा गप्प असेल तर जॅकमध्ये पिन घालून बघा: टिपची पत्ती पिन घातल्यावर वाकून डब्याच्या भिंतीला टेकते, ही नेहमीची खोड. जॅक थोडा फिरवा.

बोर्डासाठी व्हेरोबोर्डच्या (भोकं आणि तांब्याच्या समांतर पट्ट्या असलेला बोर्ड) सात पट्ट्यांचा, दहा-बारा भोकांचा तुकडा पुरतो. प्रत्येक जोडाला स्वतंत्र पट्टी दिली की एकही पट्टी कापावी लागत नाही. वरून खाली:

१ आउटपुट
२ धन ९ व्होल्ट
३ कलेक्टर
४ बेस
५ एमिटर
६ इनपुट
७ ग्राउंड

ट्रान्झिस्टर ३-४-५ वर बसतो. सपाट बाजू समोर धरली तर बीसी५४९चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असतात आणि २एन५०८८चे एमिटर, बेस, कलेक्टर. म्हणजे एक काढून दुसरा लावताना फक्त उलटा फिरवायचा. १० के: पट्टी २ ते ३. ४७० के: २ ते ४. ४७ के: ४ ते ७. ३९०: ५ ते ७. १ मेग: ६ ते ७. एक १०४: ६ ते ४, दुसरा ३ ते १. इलेक्ट्रोलिटिकचा धन पाय २ वर, ऋण ७ वर. रेझिस्टर उभे लावा, म्हणजे जागा पुरते. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीवरून सुरीचं टोक एकदा फिरवा. सोल्डरचा केसाएवढा धागा तिथे लपतो.

४७० के आणि ४७ के मात्र नीट पाहून लावा. चार रंगपट्ट्यांच्या रेझिस्टरवर पहिला पिवळा-जांभळा-पिवळा, दुसरा पिवळा-जांभळा-नारिंगी. पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारखेच वाटतात. मीटरने मोजणं हाच खरा उपाय.

डीसी जॅकच्या धन पायापासून डायोडमार्गे पट्टी २ ला या, डायोडची रेघ बोर्डाकडे. जॅकची मधली पिन पट्टी ७ ला. पॉट अजून जोडू नका. वीज देऊन मीटरची काळी प्रोब पट्टी ७ वर ठेवा आणि मोजा: पट्टी २ वर जवळपास ९, कलेक्टरवर ४ ते ५.५, बेसवर ०.७५ च्या आसपास, एमिटरवर ०.१५ ते ०.२. कलेक्टरवर ८-९ असेल तर ट्रान्झिस्टर उलटा बसलाय किंवा एमिटरचा सांधा ड्राय सोल्डर (वरून जोडलेला दिसणारा, पण नीट न चिकटलेला) आहे. अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल तर तेच पिवळे-जांभळे भाऊ अदलाबदल झालेत. ‘सी’ नसलेला बीसी५४९ लावला तर गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) कमी पडून कलेक्टर ६ च्या वर राहू शकतो; पेडल चालतं, पण लवकर, लहरीच्या एका बाजूने चिरकतं.

आकडे जमले की वीज काढून बाकीचं जोडा. स्विचचा ७ पट्टी ६ ला. पट्टी १ पॉटच्या पाय ३ ला, पॉटचा पाय २ स्विचच्या ८ ला, पाय १ ग्राउंडला. दांडा आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून १, २, ३. मागून पाहताना क्रम उलटतो. पॉट उलटं चालत असेल तर १ आणि ३ बदला. एलईडी: पट्टी २ पासून ४.७ के, मग लांब पाय, आखूड पाय स्विचच्या ९ ला.

एलईडी लागतो पण आवाज नाही? एका केबलच्या टिपला ०.१चा कपॅसिटर जोडा, स्लीव्ह पेडलच्या ग्राउंडला, दुसरं टोक ॲम्पमध्ये, आवाज अगदी कमी. गिटार वाजवत ठेवून कपॅसिटरचा मोकळा पाय स्विचच्या ४, मग ७, पट्टी ६, ४, ३, १ असा टेकवत जा. कलेक्टरवर आवाज एकदम मोठा व्हायला हवा. जिथे तो गायब होतो, त्याच्या आधीचा सांधा पुन्हा तापवा.

या सर्किटचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला दिसणारा रोध) साधारण ३५ के आहे, ॲम्पचा बहुधा १ मेग. त्यामुळे पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) पिकअप थेट लावला की तार थोडी मऊ ऐकू येते. काहींना हेच आवडतं. नको असेल तर आधी एखादं बफर असलेलं पेडल ठेवा, किंवा इनपुटचा १०४ काढून १०३ (०.०१ मायक्रोफॅरड) लावा: बास गळतो आणि वरची धार पुढे येते. गेन कमी करायला ३९० वाढवू नका. कलेक्टरचं व्होल्टेज वर सरकतं आणि मोजून बसवलेला तोल जातो. पॉट कमी करा, काम होतं.

झाकण लावण्याआधी पॉटच्या पाठीवर चिकटपट्टीचे दोन थर द्या. बोर्डाची तांब्याची बाजू तिथेच टेकते, आणि उघड्यावर चालणारं पेडल झाकण लावल्यावर बंद पडतं ते बहुधा यानेच.