भेटीच्या वेळा बदलून हव्यात? अर्जात या चुका टाळा

डिसेंबरात आदेश झाला: दर रविवारी दुपारी १२ ते ४, मुलीने बापाला बागेत भेटायचं. थंडीत कोणाची तक्रार नव्हती. मे उजाडला, नागपूरचा पारा ४५ वर गेला आणि आईने सहा वर्षांच्या पोरीला पाठवणंच बंद केलं. बापाने आदेशभंगाचा अर्ज टाकला. ‘वेळ संध्याकाळी ५ ते ८ करा’ एवढ्या एका ओळीच्या कामासाठी दोघांनी चार तारखा घालवल्या. कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना असे पक्षकार मला वारंवार भेटतात.

‘संमतीने सही केली, आता काय बदलणार?’
बदलतं. मुलांच्या ताब्याचा आणि भेटीचा आदेश म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मूल वाढतं तशा त्याच्या गरजा बदलतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सांगितलं आणि २०१० मध्ये संमतीच्या घटस्फोटातल्या अटींनाही लागू केलं. संमतीच्या हुकुमाविरुद्ध अपील चालत नाही, पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली निकालानंतरही फेरबदलाचा अर्ज करता येतो.

जुनं भांडण नव्याने लिहिणं
सगळ्यात जास्त अर्ज इथेच फसतात. पहिली सात पानं लग्नातला मानपान, सासूचे टोमणे, कोणी कोणाला कधी घराबाहेर काढलं. हे सगळं मूळ केसमध्ये येऊन गेलेलं असतं. न्यायाधीशांना हवी असते एकच गोष्ट: आदेश झाला तेव्हा मुलाचा दिवस कसा होता आणि आज कसा आहे. मी पक्षकाराला कोरा कागद देते आणि मधे रेघ मारायला लावते. डावीकडे तेव्हा, उजवीकडे आता. तेव्हा मूल नर्सरीत, आता आठवीत आणि शनिवारी सकाळी ट्यूशन. तेव्हा वडिलांना रविवारची सुट्टी, आता मिहानमध्ये (नागपूरच्या उद्योग वसाहतीत) शिफ्ट आणि सुट्टी मंगळवारची. तेव्हा आई अमरावतीला, आता नागपूरच्या मनीषनगरात. प्रत्येक ओळीमागे एक कागद लावा: शाळेचं टाइमटेबल, शिफ्टचं पत्र, ट्यूशनची पावती. कागद नसलेली ओळ शक्यतो काढूनच टाका.

व्हॉट्सॲपचे दोनशे स्क्रीनशॉट लावू नका. कामाचे पाच-सहा लावा, तारखेनुसार, आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या बाबतीत सवलत आहे हे खरं, पण समोरच्याला हरकतीची संधी द्यायचीच कशाला?

तोंडी ठरवून मोकळं होणं
दोघांचं पटलं, शनिवारऐवजी रविवार ठरला, वर्षभर सुरळीत चाललं. मग बिनसलं, आणि कोर्टासमोर जुना शनिवारच उभा! केस चालू असेल तर दोघांच्या सहीची पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, द्या. निकाल लागला असेल तर संयुक्त अर्ज करा. तेवढ्याने पुढची डोकेदुखी वाचते.

पोटगी आणि भेट एकमेकांत अडकवणं
पोटगी थकली म्हणून मूल पाठवायचं नाही, मूल पाठवलं नाही म्हणून पोटगी भरायची नाही. दोन्ही चूक. थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज आहे, भेट अडवली तर अंमलबजावणीचा. स्वतः आदेश मोडून त्यात बदल मागायला आलेल्या माणसाकडे कोर्ट कसं पाहतं, हे त्याच्या वकिलाला विचारा.

मुलाला पढवून नेणं
समुपदेशक मुलाशी बोलतात, कधी न्यायाधीश स्वतः चेंबरमध्ये बोलतात. सात वर्षांचं पोरगं ‘मानसिक छळ’ म्हणालं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, हा शब्द कोणाच्या घरचा आहे.

‘योग्य तो आदेश व्हावा’
अशी मागणी म्हणजे जेवायला बसून ‘काहीही वाढा’ म्हणणं. वार, वेळ, मुलाला कुठे सोपवायचं, कोणी आणायचं, उशीर झाला तर किती वेळ थांबायचं, भेट हुकली तर बदली दिवस कोणता, हे सगळं लिहा. तातडीचं असेल, म्हणजे उन्हाळ्याच्या वेळेसारखं, तर अंतरिम आदेश वेगळा मागा. मुख्य अर्जाचा निकाल लागेस्तोवर पावसाळा आलेला असतो.

सुट्ट्यांचंही तेच. एक पालक पुण्यात असेल तर तो जूनच्या मध्यावर शाळा उघडते असं धरून चालतो. विदर्भातल्या शाळा त्यानंतर उघडतात. म्हणून ‘अर्धी सुट्टी’ एवढंच न लिहिता तारखा काढायची पद्धत लिहा. दिवाळी अर्धी-अर्धी सगळेच मागतात. तान्हा पोळा, म्हणजे विदर्भातला मुलांचा पोळा, मात्र अर्जात कोणी लिहीत नाही, आणि त्या दिवशी लाकडी नंदी दोन्ही घरी सजवून ठेवलेला असतो. एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे, एवढी ओळ मागणीत आधीच टाका.