वायफाय लागलं, पण नेट चालत नाही? राउटरला हात लावण्याआधी या चुका टाळा

लॅपटॉपवर नेट चालेना झालं की घरातलं कुणीतरी टाचणी घेऊन राउटरमागच्या बारीक छिद्राकडे वळतं. कृपया थांबा. ते बटण दहाएक सेकंद दाबून धरलं की राउटर नुसता बंद-चालू होत नाही, त्यातलं सगळं सेटिंग पुसलं जातं. नेटवाल्याने भरून दिलेलं युजरनेम-पासवर्डही जातं, आणि मग त्याचा माणूस येईपर्यंत अख्खं घर नेटविना. बंद-चालूच करायचं असेल तर प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा.

खरं तर त्याही आधी एक गोष्ट बघायची. मोबाइलचा डेटा बंद करा, तोच मोबाइल त्याच वायफायवर घ्या आणि एखादी साइट उघडा. उघडली, तर दोष लॅपटॉपमध्ये आहे. नाही उघडली आणि फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ (LOS, म्हणजे सिग्नल येत नाही) हा लाल दिवा लागलाय, तर बाहेर लाइन गेली आहे. तक्रार नोंदवा, लॅपटॉपमध्ये काही बदलू नका. हे न बघताच लोक वायफायचा ड्रायव्हर (लॅपटॉपचं वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) उडवतात, आणि नेटच नसल्यामुळे नवा डाउनलोड करता येत नाही.

नेटवर्क यादीत दिसतच नसेल तर एअरप्लेन मोड चुकून चालू झालाय का ते पाहा. जुन्या लॅपटॉपला कडेला वायफायचं सरकतं बटणही असतं. आणि वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा वेगवेगळ्या लहरींवर चालतं; लॅपटॉप फक्त २.४ वाला असेल, तर राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला कधीच दिसणार नाही.

नागपुरात उन्हाळ्याची वेगळी भानगड आहे. फायबरची तार खिडकीतून आत येते, म्हणून राउटरही तिथेच ठोकला जातो. मग एप्रिलमध्ये त्याच खिडकीला कूलर लागतो. लोखंडी बॉडी सिग्नल अडवते, ओल्या ताट्यांतलं पाणी सिग्नल शोषून घेतं, आणि मार्चपर्यंत मागच्या खोलीत नीट चालणारं नेट अडखळायला लागतं. लोक नेटवाल्याशी भांडतात, प्लॅन वाढवतात; राउटर कूलरपासून लांब, उंचावर, उघड्यावर हलवायचं कुणाच्या मनात येत नाही. लोखंडी कपाटावर किंवा बंद शोकेसमध्येही ठेवू नका. बरेच घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेले असतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे तर ५ गिगाहर्ट्झचं काही चालत नाही. मागच्या खोलीत २.४ वरच जोडा, नाहीतर केबल ओढून तिथे दुसरा राउटर बसवा.

पासवर्ड बरोबर असूनही लागत नसेल तर आधी ते नेटवर्क ‘फर्गेट’ करा. राउटरचा पासवर्ड बदलला तरी लॅपटॉप जुनाच धरून बसतो. व्हॉट्सॲपवरून कॉपी केला असेल तर शेवटी एखादी स्पेस चिकटलेली असते. डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून नीट वाचा.

वायफाय जोडलेलं, पण एकही साइट उघडत नाही आणि ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो? कोपऱ्यातली तारीख बघा. लॅपटॉप महिनोन्‌महिने पडून राहिला आणि आतला बटण सेल संपला, की तारीख काही वर्षं मागे जाते आणि साइटची प्रमाणपत्रं जुळत नाहीत. तारीख-वेळ दुरुस्त केली की काम होतं. ऑफिसात कुणी आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा पत्ता) हाताने टाकून दिला असेल तर घरी तो ‘ऑटोमॅटिक’वर आणा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाकल्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. इथे मात्र राउटरचा प्लग काढून लावणं योग्य.

नागपूर स्टेशनवरच्या रेलवायरसारख्या (रेल्वे स्टेशनवरचं वायफाय) मोफत वायफायवर जोडलं म्हणजे झालं, असं नाही. तिथे मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकायचं पान उघडावं लागतं. ते आपोआप आलं नाही, तर व्हीपीएन (नेटवरची ये-जा लपवणारं ॲप) वापरत असाल तर ते बंद करा आणि ब्राउझरमध्ये ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ (neverssl.com) टाइप करा. ओटीपी टाकून नेट सुरू झालं की व्हीपीएन परत लावा.