खानापूरच्या जंगलपट्ट्यातील गावांना भेट देताना

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एखाद्या गावाला जायचे ठरविल्यास ते गाव कोणत्या रस्त्यावर आहे हे आधी पाहावे, कारण पुढची सगळी तयारी त्यावरच अवलंबून असते. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कणकुंबी आणि तिथून आत वळून लागणारी पारवाड, चिगुळे ही गावे तुलनेने सोपी आहेत. खानापूरहून शिरोलीमार्गे हेम्माडग्याकडे गेल्यावर आतल्या जंगलात असलेल्या पास्टोली, गवाळी, कोंगळा यांसारख्या गावांची गोष्ट वेगळी आहे. हा भाग २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्याशी निगडित असल्यामुळे बाहेरच्या माणसाने वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय तिकडे वळू नये. पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्यास अनेकदा बंदी असते. ती मोडून आडवाटेने जाणाऱ्यांमुळे त्रास गावकऱ्यांनाच होतो.

गावात ओळखीचे कोणी नसल्यास आधी ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या गुरुजींकडे निरोप द्यावा. आतल्या गावांत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून परत कधी येणार हे घरी आणि तपासनाक्यावर दोन्हीकडे सांगून ठेवावे. सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांनी वस्तीच्या बसची चौकशी करावी. रात्री गावात मुक्काम करून सकाळी परतणारी ही गाडी सोयीची खरी, पण तिच्याने गेल्यास रात्र गावातच काढावी लागते आणि तेवढी सोय आपल्यासाठी कोणी करणार आहे की नाही हे निघण्यापूर्वीच विचारलेले बरे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात नाल्यांना पाणी आले की आमगावसारख्या गावाचा संपर्क तुटतो आणि आजारी माणसाला तिरडीसारख्या डोलीवर घालून, खांद्यावरून जंगलातून आणावे लागते. अशा दिवसांत हौसेने तिकडे जाऊन गावावर आणखी भार टाकू नये. तरीही श्रावणात जाणे झालेच तर जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूचे पाणी जवळ ठेवावे. सुगीच्या दिवसांत गव्यांपासून आणि रानडुकरांपासून भात राखण्यासाठी लोक शेतातल्या माळ्यावर रात्र जागतात, त्यामुळे दुपारी दार लोटून झोपलेल्या घराला हाक मारू नये. अस्वलांचे हल्ले या भागात होतात. पायी हिंडायचे असल्यास स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि अंधार पडण्यापूर्वी वस्ती गाठावी.

गावात मराठी चालते, मात्र वनखात्याचे फलक आणि कागदपत्रे बहुधा कन्नडमध्ये असतात. कॅमेरा घेऊन आलेल्या अनोळखी माणसाकडे लोक काहीशा संशयाने पाहतात आणि त्याला कारणही आहे. कणकुंबीत म्हादईचे पाणी मलप्रभेत वळविण्यासाठीच्या कळसा कालव्याच्या कामावरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात वर्षानुवर्षे वाद आहे, तर अभयारण्यातील तळेवाडीच्या कुटुंबांना २०२५ मध्ये स्थलांतरासाठी भरपाईचे धनादेश देण्यात आले. आपण सरकारी माणूस नाही आणि मोजणीलाही आलेलो नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकावे. स्थलांतराविषयी एकाच गावात, कधी एकाच घरातही, दोन मते ऐकू येतात. तिथे पाहुण्याने पंचाचे काम अंगावर घेऊ नये.

कणकुंबीचे माउली मंदिर आणि जवळचे मलप्रभेचे उगमस्थान पाहताना चप्पल कुठे काढायची हे विचारून घ्यावे. वार पाळणुकीच्या, म्हणजे गावाने ठरवून पाळलेल्या वाराच्या दिवशी शेतीची कामे बंद असतात, तेव्हा शेत दाखवा किंवा नांगर धरून फोटो काढू द्या असा आग्रह करू नये.

जेवणाचे आदल्या दिवशी सांगावे. ऐन वेळी चार माणसे दारात उभी राहिली तरी घरातली बाई नाही म्हणत नाही, मग स्वतःच्या वाटणीची भाकरीसुद्धा पाहुण्यांच्या ताटात जाते. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि भिरंडाची म्हणजे कोकमाची कढी मिळाल्यास आनंदाने खावी व पैसे घरच्या कर्त्या बाईच्या हातात द्यावेत. मुलांना चॉकलेटे वाटण्यापेक्षा गावातल्या कोणाकडून तरी काजू, मध किंवा आमसुले त्यांनी सांगितलेल्या भावाने विकत घ्यावीत.